बाहेरचा कीबोर्ड जोडलेला आहे

१

कोरड्या कपड्यावर इस्त्री फिरवली तर सुरकुती जात नाही. नुसती दबून बसते आणि घडी उलगडली की पुन्हा वर येते. म्हणून मी आदल्या संध्याकाळीच कपड्यांवर पाणी शिंपडते आणि गुंडाळ्या करून टोपलीत ठेवते. सकाळपर्यंत ओल सगळीकडे सारखी पोचते. मग टेबलाशी उभी राहिले की जेवणापर्यंत हलत नाही. टेबल लांबलचक आहे. त्याचं एक टोक दाराकडे, एक खिडकीकडे. वर घोंगडी अंथरलेली, तिच्यावर पांढरी चादर. घोंगडी खिडकीपर्यंत पुरत नाही, चादर पुरते. दाराकडचं टोक माझं.

खिडकीकडचं टोक माझ्या थोरल्या लेकीचं होतं.

थोरली टायपिंग शिकायला जायची. क्लासात मशिनं थोडी आणि मुली फार. मशीन हाताखाली येईतो हिची वेळ संपलेली असायची. घरी मशीन घ्यायची आमची ऐपत नव्हती. मग तिने काय केलं, खिडकीकडच्या टोकाला लाकडावरच शाईने कीबोर्ड काढला, एकेका गोलात एकेक अक्षर. माझ्या ओल्या कपड्यांनी ती शाई फिसकटली. तिने परत काढला, परत फिसकटला. एक दिवस तिने तार लाल होईपर्यंत तापवली आणि सगळी अक्षरं लाकडात डागून काढली. मला म्हणाली, "आता पूस."

क्लासातल्या बाईंचं सांगणं असं की अक्षरांकडे बघायचं नाही, बोटांनाच ठाऊक झालं पाहिजे. म्हणून थोरली चादरीची कड उचलून दोन्ही हात आत घालून बसायची. वरून नुसती चादर हलताना दिसायची आणि आत लाकडावर बोटं वाजायची. ओळ संपली की डावा हात तेवढा बाहेर यायचा आणि हवेतच ढकलायचा, मशिनाची दांडी ढकलतात तसा. समोर माझी पाण्याची वाटी असली की सांडलीच. शेवटी मी वाटी माझ्या टोकाला आणली.

मोठा कपडा असला की मला इस्त्री तिच्या टोकापर्यंत न्यावी लागे. तेव्हा मी एकच शब्द बोलायची. "हात." ती हात काढून घ्यायची, इस्त्री फिरून मागे आली की परत आत घालायची. मी वर बघत नसे, तीही बघत नसे. नोकरी लागल्यावरसुद्धा ऑफिसातून आली की बसायची तिथेच. म्हणायची, बोटं सैल पडतात. इतक्या वर्षांत तिला एकदाही चटका बसला नाही.

पुढे लग्न झालं, लेक झाली. लेक धड चालायला लागली नव्हती तेव्हा थोरली तापाने गेली. जावयाने दुसरा संसार मांडला आणि नात माझ्याकडे आली. पाण्याची वाटी पुन्हा खिडकीशी गेली, कारण उजेड तिकडे आहे.

२

नातीला मी बारकी म्हणते. आता माझ्याहून उंच आहे, तरी बारकीच. ती फोनच्या आतलं लिहिते. कसं ते मला कळत नाही. मला अक्षरओळख नाही, सही करायची वेळ आली की मी अंगठा उमटवते. पण तिने एकदा मला समजेलसं सांगितलं होतं.

"आजी, हा फोन कुणा एका कंपनीचा नाही. ह्याच्या आतलं जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलंय आणि ते सगळ्यांसाठी उघडं आहे. कुणीही वाचावं, चुकलं असेल तर कुणीही सुधारावं."

"कुणीही?"

"कुणीही."

"मग कडी कुठाय त्याला?"

"वाचायला उघडं आहे गं. शिरायला नाही."

"शेजारणीला मी असंच जरा बोलायला दार उघडलं होतं. जेवूनच गेली."

हसली ती. तो फोन बनवणाऱ्या माणसांनीच तिला कामाला बोलावलं होतं. लांब, दुसऱ्या शहरात. पगार होता, राहायला खोली होती. फोनही त्यांनीच पाठवलेला. होकार मात्र लेखी हवा होता आणि तोही त्याच फोनवरून, शुक्रवारपर्यंत. त्या पत्राची किल्ली फोनातच आहे, असं काहीसं ती म्हणाली.

ती जावी असं मला वाटत होतं. ती गेल्यावर मी एकटी पडणार हे मला कळत नव्हतं असं नाही. पण ह्या खोलीत वाफ आहे, लोकांचे कपडे आहेत आणि मी आहे. कोवळ्या मुलीने ह्यात किती दिवस राहावं?

त्या सकाळी ती खिडकीकडच्या टोकाला बसली आणि फोन पाण्याच्या वाटीला टेकवून उभा केला. मी शर्टाची बाही पसरत होते.

"आजी," ती म्हणाली, "कीबोर्ड येत नाहीये."

३

लिहायच्या जागेवर बोट ठेवलं की खालून अक्षरांचा कीबोर्ड वर यायला हवा. तो येत नव्हता. एक उभी रेघ लुकलुकत होती, बस. खालची अर्धी काच नुसती काळी.

बारकीने फोन बंद करून चालू केला. आत कुठेतरी जाऊन 'कीबोर्ड दाखवा' असा खटका आहे तो बघितला, तो चालूच होता. बंद करून परत चालू केला. मग कीबोर्डचं सगळं प्रकरणच फोनमधून काढून टाकलं आणि नव्याने घातलं. मी तोवर तीन शर्ट उरकले. ती वैतागली नव्हती. असली कोडी तिला आवडतात, जीभ जरा बाहेर काढून करत बसते, लहानपणापासून.

मग ती थांबली.

"गंमतच आहे. ह्यात लिहून आलंय, बाहेरचा कीबोर्ड जोडलेला आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे कुणी फोनला खराखुरा कीबोर्ड जोडला, तारेने म्हण किंवा बिनतारी, की फोन स्वतःचा कीबोर्ड दाखवत नाही. त्याला वाटतं लिहायला बसलंय कुणीतरी, आपण कशाला मधे कडमडा."

"आणि कोण बसलंय?"

"कुणी नाही. चुकतोय तो." तिने फोन उलटा करून मला त्याचं बूड दाखवलं. तार नव्हती. बिनतारीचा खटकाही तिने बंद करून दाखवला. "बघ. काहीही जोडलेलं नाही."

मी इस्त्री उभी केली. का कोण जाणे, माझी नजर तिच्या पुढ्यातल्या चादरीवर गेली. चादर सपाट होती. मीच ती सकाळी ताणून घातली होती.

४

कोपऱ्यावर एक घड्याळजी बसतो. घड्याळं कुणी दुरुस्तीला आणेना तेव्हा तो फोन दुरुस्त करायला लागला, पण नाव तेच राहिलं आणि डोळ्याला लावायचं भिंगही तेच. बारकीबरोबर मीही गेले, शेजारच्या घरी कपडे द्यायचे होतेच.

त्याने फोनच्या तोंडात फुंकर मारली, बारीक ब्रश फिरवला. "आजी, तुमच्या फोनला सर्दी झालीय."

"फोन हिचा. आणि तू माझं घड्याळ दे आधी. कधीचं नेलंयस."

"फार छान चालतंय हो ते. देववत नाही."

"काका," बारकी म्हणाली, "कीबोर्डचं सांगा ना."

"काय सांगायचं? चार्जिंगच्या तोंडात ओल गेली की फोनला वाटतं काहीतरी जोडलंय. दिवसभर घरात वाफ, दुसरं काय होणार?" त्याने काचेवर बोट ठेवलं. खालून कीबोर्ड वर आला. सगळी अक्षरं ओळीने उभी राहिली. मला त्यातलं एकही कळत नाही, पण बघून इतकं बरं वाटलं की मी तिथेच म्हटलं, "बारकी, आत्ताच लिहून टाक."

"इथे उभ्याने? पहिलीच नोकरी आहे, जरा नीट शब्द जुळवायला नकोत? घरी जाऊन लिहिते."

घरी आलो. ती खिडकीशी बसली आणि कीबोर्ड गेला.

ती उठून दारात गेली. कीबोर्ड आला. चुलीपाशी गेली, आला. फोन टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाशी आणला की कीबोर्ड जायचा. दोनतीनदा तिने असं येऊन-जाऊन बघितलं आणि हसायला लागली. "काच थंड असते ना खिडकीची. वाफ तिथेच जमत असणार."

मला पटलं. पटवून घेतलं म्हणा. त्या दिवशी घड्याळजीकडे जायच्या गडबडीत मी दुपारनंतर इस्त्री लावलीच नव्हती, हे मी तिला बोलले नाही.

५

दुसऱ्या दिवशी बारकी न्हायला गेली होती. मी एका शर्टाची कॉलर करत होते. बोटं ओली करायला खिडकीशी गेले तर वाटी मी ठेवली होती तिथे नव्हती. वीतभर उजवीकडे सरकली होती आणि आतलं पाणी अजून डुचमळत होतं.

कपडा ओढताना चादर ओढली जाते, चादरीबरोबर वाटी येते. कितीदा झालंय असं. मी वाटी जागेवर ठेवली आणि माझ्या टोकाला आले.

मग टिकटिक ऐकू आली. विजेच्या इस्त्रीला ती सवयच असते, तापली की आतला खटका पडतो, निवाली की परत लागतो. मी कान दिला नाही. पण खटका एकदा पडतो आणि मग कितीतरी वेळ गप्प असतो. हे थांबत नव्हतं. मी वायर काढली.

टिकटिक चालूच राहिली.

चार इकडून, चार तिकडून. चार इकडून, चार तिकडून. मधे अंगठ्याचा एक जाड ठोका. पाठमोरी असून मला कळलं की डावी करंगळी जरा दुबळी पडतेय. तिची पडायचीच. क्लासातल्या बाई त्यावरून बोलायच्या.

वाळवी असेल. जुनं लाकूड आहे, आतून पोखरलं असेल. वाळवी लाकडात वाजते म्हणतात.

पुढे आवाज थांबला, ओळ संपल्यासारखा. आणि वाटी सरकली. ती मी पाहिली नाही, ऐकली. मग मी मागे न बघता हात लांब केला, वाटी चाचपून उचलली आणि माझ्या टोकाला आणून ठेवली. पूर्वी ठेवत होते तिथे.

६

दारात बसून होकार लिहून टाक म्हटलं, तर बारकी ऐकणारी नव्हती. चूक जिथे दिसते तिथेच बसून पकडायची, असं तिचं. जेवण झालं की ती खिडकीशी, फोन समोर टेकवलेला, लिहायच्या जागेवर ती रेघ लुकलुकतेय.

"आजी, इकडे ये. बघ."

मी गेले. काचेवर अक्षरं उमटत होती. भिंतीच्या फटीतून मुंग्या निघाव्यात तशी एकामागून एक. बारकीचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते.

"काय लिहिलंय?"

"काही नाही. कचरा आहे. तीच तीच अक्षरं परत परत."

"चार डाव्या हाताची, चार उजव्या हाताची?"

तिने मान वर केली. "तुला कसं कळलं?"

"तुझी आई सराव करायची तसा."

बोलून गेले. कुठे, कसा, म्हणून तिने विचारत विचारत सगळं काढून घेतलं. तिच्या देखत ती चादर मी कधीच पूर्ण उचलली नव्हती. धुवायला काढायची तीसुद्धा ती शाळेत गेल्यावर. आता तिने स्वतःच कड उचलली आणि मागे टाकली.

डागलेले गोल तसेच होते. मधली अक्षरं काळी. बोटं जिथे जास्त पडतात तिथे लाकूड गुळगुळीत झालेलं, आणि चकाकत होतं, रोज हात लागणाऱ्या दाराच्या कडीसारखं. चादर घासत असेल, मी मनाशी म्हटलं.

बारकीने हळूच पंजा टेकवला आणि उचलला. "गरम आहे."

"इस्त्रीचं असेल."

इस्त्री माझ्या टोकाला होती, खोलीच्या दुसऱ्या बाजूला.

तिने चादर परत पांघरली. कशी, तर झोपलेल्या माणसावर घालतात तशी, कड हलकेच सोडून.

७

त्यानंतर ती तिथून उठेनाशी झाली.

सराव संपला होता, हे मला आवाजावरून कळत होतं. आता बोटं भराभर धावत होती, मधे थबकत होती, पुन्हा धावत होती. थोरली कुणाला खरोखरचं पत्र लिहायची तेव्हा अशी वाजायची. बारकी काचेवर वाचायची, ओठ हलायचे. मधेच एकटीच हसायची. एकदा डोळे पुसले.

"काय म्हणतेय?" मी विचारलं. विचारल्यावर माझ्याच लक्षात आलं की मी 'काय लिहिलंय' म्हटलं नाही.

"बोलतेय नुसती."

"माझ्याबद्दल काही?"

"तुला वाचता येत असतं तर दाखवलं असतं."

ती माझ्याशी असं कधी बोलली नव्हती. मी टोपलीतला कपडा उचलला आणि पसरला. थोड्या वेळाने म्हटलं, "होकार कधी पाठवतेस? शुक्रवार आला."

"जाऊन काय करू? माझं सगळं इथे आहे."

"इथे काय आहे? वाफ?"

"आजी, तुला आई आठवते," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मला तिचा चेहरासुद्धा आठवत नाही. तू कशाला बोलतेस?"

मी पसरलेला कपडा दोन्ही हातांनी ताणून घेतला.

त्या दुपारी तिनेही हात चादरीखाली घातले. उत्तर द्यायला, असं म्हणाली. तिला बोटं कशी ठेवायची कुणी शिकवलं नव्हतं, पण बसली तेव्हा पाठ ताठ, कोपरं अंगाशी, मान जराशी डावीकडे. मी दाराकडून बघत होते. ती बारकी नव्हती असं मी म्हणणार नाही. बारकीच होती. पण हाक मारायची तर कुठल्या नावाने मारू, असं मला क्षणभर झालं.

मी चहा केला. कप तिच्यापुढे धरला. तिने दोन्ही हात बाहेर काढले आणि कप ओंजळीत घेतला, थंडीत घेतात तसा. फुंकर घालत घालत काचेवर वाचत राहिली.

चादर हलत होती.

दोन उंचवटे होते. ते डावी-उजवीकडे सरकत होते, मधेच बोटांची टोकं कापडाला खालून टोचत होती. बारकीचे हात कपाभोवती. मी कपाकडे बघितलं, चादरीकडे बघितलं, पुन्हा कपाकडे बघितलं. मग डावा उंचवटा थांबला. ओळ संपली असावी. चादरीची कड उचलली जाऊ लागली.

मी डोळे मिटून घेतले.

डोळे उघडले तेव्हा फोन आडवा पडला होता. वाटी आता तिथे नसे ना, म्हणून धक्का फोनला लागला. बारकीने तो उचलून परत टेकवला, रोजचंच असल्यासारखा.

८

शुक्रवारी जेवणानंतर मी तिला म्हटलं, "घड्याळजीकडून माझं घड्याळ घेऊन ये. आज नाही दिलंन तर भिंग काढून आण."

ती कुरकुरली. पण माझ्यासाठी उठली, तेवढी ती अजून माझी होती. फोन हातात घेतला, चपला घातल्या आणि दारातून मागे वळून म्हणाली, "आलेच मी." माझ्याकडे बघून नाही. खिडकीकडे बघून.

मी दार लावलं. इस्त्रीचा काटा जाड कपड्याच्या खुणेवर फिरवला आणि ती तापेपर्यंत उभी राहिले.

चादर हलत होती. समोर फोन नव्हता तरी बोटं चालली होती. इस्त्री घेऊन मी टेबलाच्या कडेकडेने निघाले, घोंगडीवरून, घोंगडी संपते तिथपर्यंत.

"हात," मी म्हटलं.

बोटं थांबली. ओळखलं तिने. चादरीखाली दोन्ही उंचवटे गप्प बसून राहिले, पण मागे गेले नाहीत.

"हात काढ, बाळा. पोरीला जाऊ दे."

मग एक बोट वाजलं. मग दुसरं. सावकाश, एकेक अक्षर वेगळं, लहान मुलाला सांगावं तसं. ती मला उत्तर देत होती. मला वाचता येत नाही हे ती विसरली होती, की तिच्यापाशी आता बोलायचं दुसरं काही उरलंच नव्हतं, कोण जाणे. मी शेवटपर्यंत ऐकलं. ओळ पुरी होऊ दिली.

"मला नाही गं कळत," मी म्हटलं.

आणि इस्त्री टेकवली.

खाली लाकूड लागलं नाही. जाड शिवण लागते तसं काहीतरी लागलं. जाड शिवणीवर जितका वेळ धरावी लागते तितका वेळ मी इस्त्री धरली. आवाज काही झाला नाही. माझ्या टोकाला वाटीतलं पाणी तेवढं थरथरत होतं. वास आला तो जळक्या कापडाचा. जन्मभर तो वास घेतला आहे मी. तरी नाक जवळ नेऊन पुन्हा पुन्हा घेतला, दुसरा कसला नाही ना म्हणून.

इस्त्री उचलली. चादरीवर तिच्या आकाराचा तपकिरी डाग पडला होता. डाग सलग नव्हता. मधे चार लांबट पांढरे पट्टे कोरे राहिले होते, शेजारी शेजारी, एक जरा आखूड.

कापड दुमडलेलं असताना इस्त्री ठेवली की असे पट्टे राहतात. चादर मीच ताणून घातली होती.

९

मी चादर काढून पेटीच्या तळाशी टाकली आणि निळी अंथरली. निळीच्या सुरकुत्या हाताने काढतेय तोवर बारकी आली, धापा टाकत.

"आजी, तिथेसुद्धा कीबोर्ड येईना. काकांनी सगळं करून पाहिलं. मग एकदम, काही न करता, आपला आपण वर आला." ती जरा थांबली. "काका म्हणाले, आला आहे तोवर लिहून घे. उभ्यानेच लिहिलं. पाठवला होकार."

"घड्याळ दिलं का त्याने?"

"नाही."

ती खिडकीशी गेली. फोन टेबलावर ठेवला, बोट टेकवलं. कीबोर्ड वर आला आणि वरच राहिला. तिने निळ्या चादरीवर हात फिरवला, कितीतरी वेळ वाट बघितली. मग मला म्हणाली, "तू काही केलंस?"

"चादर बदलली."

तिने पुढे विचारलं नाही. जायच्या दिवसापर्यंत ती माझ्याशी नीट बोलली, जेवली, मदत केली. पण रात्री माझ्याकडे पाठ करून झोपायची. मी ते चालवून घेतलं. ती जात होती, मला तेवढं पुरे होतं.

१०

ती गेल्यावर काही दिवसांनी टेबल पुन्हा वाजायला लागलं. आता आवाज अडखळत यायचा. डावीकडच्या चार ठोक्यांतले काही पडायचेच नाहीत, तेवढी जागा रिकामी जायची. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगते, बरंही वाटलं. इथे आहे म्हणजे तिथे नाही. मोठा कपडा आला की मी "हात" म्हणायची, आवाज थांबायचा, मी इस्त्री फिरवून मागे यायची. आमचं परत जमलं. वाटी मात्र मी मुद्दाम खिडकीशी ठेवायला लागले. सरकली की कळतं.

बारकी दर रविवारी फोन करते. मी पहिलं तेच विचारते.

"कीबोर्ड येतो ना?"

"येतो गं. लोकांच्या आज्या विचारतात जेवलीस का, आणि तू विचारतेस कीबोर्ड येतो का."

"जेवलीस का?"

"जेवले."

गेला आठवडा टेबल गप्प होतं. पहिल्या दिवशी मला वाटलं, मीच कामात असेन. मग मी इस्त्री बंद करून बसून ऐकलं. वाटीतलं पाणी काचेसारखं. त्यावर धुळीचा पापुद्रा धरला होता.

आज तिचा फोन आला.

"कीबोर्ड येतो ना?"

"आज नव्हता येत बघ. बंद करून चालू केला तरी नाही. बघते संध्याकाळी, सवड झाली की."

"कुठे बसलीयस तू?"

"खोलीत. टेबलाशी. खिडकी आहे ना इथे, उजेड चांगला येतो."

"टेबलावर काही अंथरलंयस?"

"एक जुनी चादर आहे. इथल्या कपाटातच होती, आधी राहायची त्या बाईची असेल. चांगली आहे गं, पांढरी. एका कोपऱ्याला इस्त्रीचा डाग आहे, मधे मधे कोरे पट्टे राहिलेला, म्हणून तो कोपरा मी आत दुमडलाय." ती हसली. "तू असतीस तर त्या बाईला बोल लावले असतेस."

पेटी माझ्या मागेच आहे. हात मागे नेला तर झाकणाला लागेल. मी नेला नाही.

खिडकीशी उन्हं होती. वाटीतलं पाणी हलत नव्हतं. मी फोन तोंडाशी अगदी जवळ धरला.

"हात," मी म्हटलं.

"काय गं आजी?" बारकी म्हणाली. आणि तिच्या बोलण्यामागे इतका वेळ जे बारीक, अडखळत वाजत होतं, ते थांबलं.